कठीण वर्षातला शरद: तुम्हाला कशाबद्दल कृतज्ञ वाटतं?

शेवंती | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

हे वर्ष ज्यांना जड गेलंय त्यांच्यासाठी हा धागा. बाकीच्यांनीही लिहा, पण आधी माझं म्हणणं वाचा.

आईला श्रावणात पक्षाघात झाला. उजव्या बाजूवर आणि बोलण्यावर परिणाम आहे. मी बिनपगारी रजेवर, भाऊ परदेशात, दिवसा मदतीला एक मावशी येतात. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एक वाक्य हमखास बोलतं, "देवाचे आभार माना, थोडक्यात निभावलं." त्यांच्या मनात चांगलंच असतं. मला मात्र ते ऐकून आतून राग येतो. आईची अर्धी बाजू गेली याला थोडक्यात कसं म्हणायचं?

आणि तरीही कृतज्ञता वाटते. मी ठरवून वाटून घेत नाही, ती आपली येते. आमच्या औषधांच्या दुकानाशेजारी बुचाचं जुनं झाड आहे. सध्या रोज सकाळी खाली पांढरा सडा असतो. परवा मूठभर फुलं उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली. तिने वास घेतला आणि डाव्या हाताने एकेक फूल सरळ करून ओळीने मांडायला लागली. मग दोन लांब देठ एकमेकांत अडकवले. बुचाची बिनदोऱ्याची वेणी! लहानपणी माझ्या केसांत ती हीच वेणी घालायची. उजव्या हाताचा अंगठा नुसता दाबून धरायला, गुंफायचं सगळं डाव्याने. तिसरं फूल निसटलं. तिने परत घेतलं. तेही निसटलं. परत घेतलं. तेवढा वेळ मला कसलाच राग नव्हता.

तर विचारायचं हे: आश्विन-कार्तिकात आपल्या पुण्यात रोज हाताशी असणारं असं काय आहे, ज्याने तुम्हाला वाईट दिवसांत धरून ठेवलं? मोठं काही नको. आणि "जे होतं ते चांगल्यासाठीच" असं कुणी लिहू नका, ही कळकळीची विनंती.

पर्वतीपायथा | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन. आईंना लवकर आराम पडो.

तळजाईकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

शेवंती, आईंना माझा नमस्कार सांग. मी वयाने काका शोभतो म्हणून अरे-तुरे करतोय.

दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण टेकडी चढायची परवानगी नव्हती. पायथ्याशी सपाट रस्त्यावर चालायचो आणि वर जाणाऱ्यांकडे बघत बसायचो. मन फार खचलेलं होतं. माझ्यामागे घरच्यांचं काय होणार, एवढाच विचार.

त्या सप्टेंबरअखेरीला ओढ्याकाठी करडा धोबी दिसला. चिमणीपेक्षा जरा लांबट पक्षी, पोटाखाली पिवळा, शेपटी सारखी वरखाली. हे पक्षी हिमालय आणि त्याच्याही पलीकडून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतात. मी पक्षीनिरीक्षक वगैरे नव्हतो, शेजारी उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर तोच! किंवा त्याचा भाऊ. रोज तो आहे का बघायला जायचं म्हणून चालणं होत गेलं. मुठीएवढा जीव इतका लांबून उडत आला आणि आमच्या नाल्याकाठी उतरला, याचं मला फार कौतुक वाटायचं. अजून वाटतं. यंदाही आलेत.

आता टेकडी चढतो. गवत पिवळं पडायला लागलंय, सकाळी त्याच्यावर दव असतं आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजते.

सिंहगड_रोड | १५ ऑक्टोबर, दुपारी १:४०

मी असहमती नोंदवतो. रागावू नका.

पुण्याचा ऑक्टोबर मला कधीच सुखाचा वाटला नाही. दुपारी भट्टी, रस्त्यावर पावसाने उखडलेल्या खड्ड्यांची धूळ, प्रत्येक घरात डेंग्यू नाहीतर चिकनगुनिया. रात्री सातवणीच्या फुलांचा वास असा की खिडक्या बंद करून पंखा लावायचा. त्यात माझी नोकरी जूनमध्ये गेली. चौदा वर्षं ज्या कंपनीत काढली तिथून एका व्हिडिओ कॉलवर निरोप मिळाला. बायकोच्या पगारावर हप्ता जातो. मुलगा तिसरीत आहे, त्याला अजून नीट सांगितलेलं नाही.

अशा वेळी फुलं, पक्षी वगैरे वाचलं की वाटतं, ज्यांचा हप्ता भरलेला आहे त्यांचं हे सगळं. शेवंतीताईंबद्दल हे अजिबात नाही, त्यांचं दुःख मला समजतं. पण कृतज्ञता हा शब्द आमच्या ऑफिसात माणसं काढून टाकण्याआधीच्या सभेतही वापरला होता. तेव्हापासून तो मला टोचतो.

शेवंती | १५ ऑक्टोबर, दुपारी २:१०

@सिंहगड_रोड, रागावण्यासारखं काहीच नाही. उलट लिहिलंत हे बरं केलंत. धाग्यावर तुमच्यासारख्यांनी लिहावं असंच मला वाटत होतं.

कात्रजचा_घाट | १५ ऑक्टोबर, दुपारी २:३५

सातवणीला बोललात! आता बघा इथे दोन पक्ष पडतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगपेक्षा जास्त भांडण सातवणीवर होतं.

रात्रपाळी | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

मी सातवणीच्या पक्षात. नर्स आहे. रात्रीची ड्यूटी संपवून सातला बाहेर पडते तेव्हा अंगाला, केसांना, हातांना फक्त स्पिरिटचा आणि सलाइनच्या नळ्यांचा वास असतो. गेटबाहेर सातवणीची तीन-चार झाडं आहेत. तिथे दोन मिनिटं उभी राहते आणि मग स्कूटर काढते. ज्या रात्री कुणी गेलेलं असतं त्या सकाळी जरा जास्त वेळ. एवढंच लिहायचं होतं.

बियाणं | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

झाडांविषयी थोडं. सातवीण म्हणजेच सप्तपर्णी. सदाहरित, भराभर वाढते, चीक असल्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून रस्त्याच्या कडेला ती भरपूर लावली गेली. हिच्या लाकडाच्या शाळेतल्या पाट्या आणि लिहायचे फळे करायचे. शास्त्रीय नावातला 'स्कॉलॅरिस' त्यावरूनच आला. शांतिनिकेतनात पूर्वी पदवीदानाला विद्यार्थ्यांना सप्तपर्णीची पानं देण्याची प्रथा होती. वासाचा त्रास काहींना खरोखर होतो, डोकं चढतं. त्यामुळे सिंहगड_रोड यांची तक्रार खोटी नाही. दहा झाडं एका रांगेत लावणं ही लावणाऱ्यांची चूक, झाडाची नाही.

बुच मूळचा ब्रह्मदेशाकडचा. आपल्याकडे त्याला शेंगा क्वचितच धरतात, मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी तो पसरतो. लाकूड ठिसूळ. वादळात फांदी पटकन मोडते, म्हणून जुने बुच छाटले जातात. शेवंती, तुमच्या औषधाच्या दुकानाजवळचा बुच कुणी कापायला आलं तर इथे लगेच कळवा.

वेधशाळेजवळ | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ऑक्टोबरच्या उकाड्याबद्दल. आयुष्य हवामान खात्यात गेलं. शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसला जुने पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ साली ते शिमल्याहून इथे आलं.

मान्सून परत फिरला की ढगांचं छत जातं आणि ऊन थेट जमिनीवर येतं. जमीन अजून ओली असते, ते पाणी वाफ होऊन हवेत चढतं. ऊन आणि दमटपणा एकत्र, म्हणून चिकचिक. पण तेच निरभ्र आकाश रात्री उपयोगी पडतं. जमिनीची उष्णता अडवायला वर काही नसतं, ती निघून जाते. महिनाअखेरीला हवा कोरडी झाली की पहाटे पांघरूण ओढावं लागतं. दुपार आणि पहाट दोन्हींचं कारण एकच.

माझी सौ. गेल्याला चार वर्षं झाली. पहाटेचं ते पहिलं पांघरूण ती माझ्या पायांवर टाकायची. आता मीच रात्री पायथ्याशी घडी करून ठेवतो. ती आठवण येते, आणि ती आठवण आहे याबद्दल मला कृतज्ञ वाटतं. आणखी काय लिहू.

पर्वतीपायथा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:४८

काका, _/\_

उद्या_कोजागरी | १५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

थोडं अवांतर. उद्या गच्चीवर मसाला दुधाचा कार्यक्रम कुणाकुणाकडे आहे? आमच्याकडे दरवर्षी चारोळ्या जास्त की पिस्ते जास्त यावर दोन जावा तावातावाने भांडतात आणि चंद्र डोक्यावर येईपर्यंत दूध अर्धं आटतं. बासुंदी म्हणून पितो.

कात्रजचा_घाट | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३१

तुमच्या जावांना आमच्या सोसायटीच्या सभेला पाठवा. सातवणीचा प्रश्न एका रात्रीत आटेल.

भोरकर | १९ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

तुमचा धागा पुतणीने दाखवला. मी भोरकडं भात करतो, इंद्रायणी. शहरातल्या लोकांना शरद म्हणजे चांदणं. आम्हाला या दिवसांत आभाळाची धास्ती असते.

भात पोटरीतून बाहेर पडून दाणा भरला की परतीचा पाऊस नको असतो. उभं पीक आडवं झालं की लोंब्या पाण्यात, आणि दोन-तीन दिवस पाण्यात राहिल्या तर दाण्याला तिथंच कोंब फुटतो. मागं एका वर्षी आमचं असंच झालं. त्याच साली थोरल्या भावाचं किडनीचं दुखणं निघालं होतं. मी पुण्यात दवाखान्यात, घरी बायको आणि म्हातारा बाप. भात आडवा झाल्याचं फोनवर कळलं. म्हटलं गेलं हे वर्ष.

तिसऱ्या दिवशी घरी गेलो तर आमच्या खाचरातलं भात कापून, पेंढ्या बांधून बांधावर उभ्या करून ठेवलेल्या. वाडीतली माणसं सावडीनं, म्हणजे एकमेकांच्या रानात बिनमजुरीनं राबायच्या रीतीनं, आली होती. त्यांचं स्वतःचं भातही आडवंच होतं. कुणी मला बोलून दाखवलं नाही, अजूनही नाही. बराच दाणा काळा पडला, बाजारात भाव आला नाही, पण वर्षभर खायला पुरला.

सिंहगड रोडवाल्या भाऊंना सांगतो, हप्ता मलापण आहे, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा. तुमचं म्हणणं खरं आहे. पण मी तेव्हा फुलाकडं बघत नव्हतो, माणसांकडं बघत होतो.

सिंहगड_रोड | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:००

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मनमोकळी | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

मी समुपदेशक आहे, म्हणून दोन गोष्टी.

कृतज्ञतेवर संशोधन झालेलं आहे. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काही जणांना कृतज्ञ वाटलेल्या गोष्टी नियमित लिहायला सांगितल्या आणि काहींना त्रासाच्या. पहिल्या गटाला आयुष्याबद्दल एकूण बरं वाटत होतं. त्याच अभ्यासातला एक भाग स्नायू-मज्जातंतूंचे आजार असलेल्या माणसांबरोबर केला होता, म्हणजे ज्यांचं दुखणं जाणारं नव्हतं अशांबरोबर. तिथेही फरक दिसला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते लिहिणं त्यांचं त्यांनी केलं. नेमकं कशाबद्दल कृतज्ञ वाटावं हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून "आभार मान" म्हणणं याच्या अगदी उलट आहे, त्याने माणूस गप्प होतो. शेवंतीचा राग मला पूर्ण योग्य वाटतो. आणि झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीत लिहिण्यावर थांबू नका. डॉक्टरांकडे जा.

आगाशी | २४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

गेला आठवडाभर वाचत होते, आज लिहितेय. बाबा ऑगस्टमध्ये गेले. यंदा आमच्याकडे सण नाही. कंदील नाही, रांगोळी नाही, फराळ करायचा नाही. दिवाळीच्या आधीचे हे दिवस सगळ्यांत वाईट जातायत. चारी बाजूंनी घराघरांतून भाजणीचा वास, आणि आमचं स्वयंपाकघर थंड. बाबांना चिवडा करायला फार आवडायचं. पातळ पोहे उन्हात घालून चाळून घेणं हे त्यांचं खातं.

यात कृतज्ञ कशाबद्दल व्हायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर लिहीन.

शेवंती | २४ ऑक्टोबर, रात्री ११:५२

आगाशी, नाही सापडलं तरी लिही. इथे येत राहा.

तळजाईकर | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

आगाशी, बेटा, तू कुठे राहतेस विचारत नाही. पण आमच्याकडे चिवडा मीच करतो, आणि पोहे उन्हातच घालतो. यंदा चाळताना तुझ्या बाबांची आठवण काढीन.

किल्लेदार | २७ ऑक्टोबर, दुपारी ३:००

किल्ल्यांचा विषय कुणीच काढला नाही? माती कुठे मिळते आता? आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. मुलं तयार प्लास्टरचा किल्ला आणा म्हणतायत. जीव तुटतो हो.

सिंहगड_रोड | २९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

किल्लेदार, मातीचं सांगतो. आमच्या मागे एका इमारतीचा पाया खणताहेत. तिथल्या मुकादमाला विचारलं, त्याने आठ पाट्या लाल माती फुकट दिली. त्याच्याच मुलाने उचलू लागायला मदत केली. मग तो आणि माझा मुलगा आणि मजल्यावरची आणखी पोरं असे मिळून राजगड केला. मला दिवसभर वेळ होताच. पोत्यांवर चिखल थापून बालेकिल्ला उंच काढला. तिन्ही माच्या हव्यात असा पोरांचा हट्ट. पद्मावती आणि सुवेळा झाल्या, संजीवनीची निमुळती सोंड सारखी ढासळत होती. मुकादमाच्या मुलाने आत विटेचे तुकडे घातले तेव्हा उभी राहिली. अळीव पेरलेत, पाणी शिंपडून वर ओलं फडकं टाकलंय. आज फडकं उचललं तर कोंब दिसायला लागलेत.

नोकरी अजून नाही. दोन मुलाखती झाल्या, एकीकडून नकार आला. माझं पहिलं म्हणणं मी मागे घेत नाही, हप्ता भरलेल्यांनी शिकवू नये हे मला आजही वाटतं. पण भोरकरदादांनी माणसांकडे बघायला सांगितलं होतं, म्हणून हे लिहिलं. चिखल थापता थापता मुलाला नोकरीचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही उद्यापण घरी?" आणि खूश झाला.

उद्या_कोजागरी | २९ ऑक्टोबर, रात्री १०:२२

डोळ्यांत पाणी आणलंत. फोटो टाका राजगडाचा!

कात्रजचा_घाट | २९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

विटा घालून संजीवनी माची. त्या पोराला अभियांत्रिकीला घाला राव.

आगाशी | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

लिहायला आले. नरक चतुर्दशीला पहाटे फटाक्यांनी जाग आली आणि उठूच नये असं वाटलं. सातला दार वाजलं. समोरच्या काकू, हातात ताट, वर विणलेला रुमाल. मग खालच्या मजल्यावरचे, मग आत्या. ज्यांच्याकडे सण नसतो त्यांच्याकडे फराळ पोचवायचा ही पद्धत मला माहीत होती, आईबरोबर मीही लहानपणी डबे पोचवलेत. घेणाऱ्याच्या बाजूला मी पहिल्यांदाच होते. डायनिंग टेबलावर सात घरांचे चिवडे. प्रत्येकाची चव वेगळी, एकात सुकं खोबरं करपलेलं. आई आणि मी एकेक चाखत बसलो आणि बाबा कुठल्याला किती गुण देतील ते ठरवलं. करपलेल्याला सगळ्यांत जास्त मिळाले, त्यांना तसाच आवडायचा.

दुपारी मी खूप रडले. पण जेवले.

तळजाईकर काका, तुमचा चिवडा राहिला.

तळजाईकर | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:००

व्यक्तिगत निरोपात पत्ता कळव. अर्धा किलो बाजूला काढून ठेवलाय.

बियाणं | ८ नोव्हेंबर, रात्री ८:४०

शेवंती, तुमच्या मूळ प्रश्नाला सगळ्यांनी उत्तरं दिली, तुम्हीच गायब. आई कशा आहेत? बुच कसा आहे?

शेवंती | ९ नोव्हेंबर, रात्री १०:००

सॉरी, दिवाळीत मावशी गावी गेल्या होत्या, त्यामुळे सगळं माझ्यावर.

बुच उभा आहे. आईची वेणी आता वीतभर होते. फिजिओथेरपिस्टना सांगितलं तर त्यांनी ती रोजच्या व्यायामात घातली, कारण उजव्या अंगठ्याने दाबून धरणं हाच व्यायाम त्या देत होत्या आणि आई कंटाळा करायची. फुलांचा कंटाळा करत नाही. पर्वतीपायथाने निरोपात विचारलं होतं म्हणून कृती सांगते: दोन फुलं आडवी-उभी धरायची, उभ्याचा देठ आडव्यावरून वळवून मागे न्यायचा, तो दोन्हींच्या मध्ये दाबून तिसरं फूल लावायचं, त्याचा देठ तसाच वळवायचा. ताजी फुलं घ्या, दुपारपर्यंत देठ मऊ पडून तुटतात.

बोलणं हळूहळू येतंय. काही दिवस वाईटच असतात. परवा चमचा फेकून दिला तिने, मीही ओरडले. फुलांचा बहार आता ओसरत चाललाय, त्यानंतर काय, याची मला आत्तापासून काळजी लागलीय.

बियाणं | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२५

मार्गशीर्षात शेवंती भरपूर येते, पण तिला दोरा लागतो. केळीच्या सोपाचा धागा ओला करून द्या, तो बोटांना जाड लागतो, पकडायला सोपा. लागला तर माझ्याकडे केळ आहे.

भोरकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

यंदा पावसानं सांभाळून घेतलं. कापणी झाली, झोडणी चालू आहे. पुतणी रविवारी पुण्याला येणार आहे. शेवंतीताईंच्या आईसाठी पाच किलो नवा इंद्रायणी पाठवतो, पैशाचं बोलू नका. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, नाहीतर गिच्च होतो. आजाऱ्याला पेज चांगली.

रात्रपाळी | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

भोरकरदादा, किती छान. शेवंती, फक्त एक: पक्षाघातानंतर गिळायला त्रास असेल तर पातळ पेजेचा ठसका लागू शकतो. थेरपिस्टना विचारून मग द्या. बहुतेक दाटसरच द्यायला सांगतील. आईंना सरळ बसवून, छोट्या चमच्याने, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नको.

शेवंती | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

विचारते आजच. दादा, पुतणीला माझा नंबर द्या, निरोपात पाठवलाय. येताना तिला जेवायलाच थांबायला सांगा.